लेकरांना ख्रिस्त किंवा डार्विन अशी निवड करायला लावू नका

मराठवाड्यातल्या मंडळ्यांचे पाळक, वडीलवर्ग, शब्बाथशाळेचे शिक्षक आणि तरुण संघाचे पुढारी यांना,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

मी जालना जिल्ह्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं आमच्या मंडळीत शब्बाथशाळा घेतली. निवृत्तीनंतरही दहावीची चार-दोन पोरं संध्याकाळी घरी येतात. गेल्या जानेवारीत त्यांतल्या एका मुलीचा सराव परीक्षेचा पेपर मी पाहत होते. पोरगी हुशार आहे. आनुवंशिकतेचा प्रश्न तिनं सुरेख सोडवला होता, आकृत्या नीटस काढल्या होत्या. पुढं 'उत्क्रांतीचे पुरावे स्पष्ट करा' हा पाच गुणांचा प्रश्न होता. तिथं तिनं फक्त प्रश्नाचा क्रमांक घातला होता आणि खाली अख्खं पान कोरं होतं. वेळ पुरला नसेल असं वाटून मी विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "येतंय मॅडम. सगळं पाठ आहे. पण लिहिलं तर मी ते मानते असं होईल ना? मग प्रभूला काय सांगू?"

दिवाळीच्या सुटीत ती एका शिबिराला गेली होती. बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी तिथं सांगितलं की उत्क्रांती ही सैतानाची शिकवण आहे. जो ती मानतो तो पवित्र शास्त्राचं पहिलं पान फाडतो, आणि पहिलं पान फाडणाऱ्याला शेवटच्या पानावरचं वचन लागू होत नाही. मग पोरांना हात वर करायला लावले. तिनंही केला. पंधरा वर्षांचं ते लेकरू दिलेल्या शब्दाला जागत होतं. त्या वक्त्यांच्या मनात प्रभूवरचं प्रेमच असणार, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपण इथले वडीलधारे मागच्या बाकांवर बसून 'आमेन' म्हणालो. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे.

माझ्या भाच्याचंही सांगते. संभाजीनगरला बी.एस्सी. करताना त्याच्यापुढं हीच निवड आली आणि त्यानं दुसरी बाजू धरली. नाताळला घरी येतो, सगळ्यांबरोबर जेवतो आणि उपासनेची घंटा झाली की मित्राकडं निघून जातो. त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडं काही नव्हतं, कारण तो जे शिकला होता ते मीच त्याला आठवीपासून शिकवत आले होते. मला त्याला एवढंच सांगायचं होतं की ही निवड करायची गरजच नव्हती. ते मी वेळेवर, मोठ्यानं, मंडळीत उभं राहून सांगितलं नाही. आज सांगते आहे.

मी उत्क्रांती मानते आणि प्रभूच्या मेजाशी गुडघेही टेकते. ही दोन्ही कामं माझं एकच मन करतं.

पुस्तक बाजूला ठेवून आधी शेतात चला. २०१७ चा कापणीचा सण आठवा. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा मांडलेल्या होत्या. माझ्या थोरल्या भावानं कपाशीची एक फांदीच आणून ठेवली होती. लांबून बोंडं बरी दिसत होती. उपासना झाली, लिलाव झाला, त्याच्या फांदीवर कोणी बोली लावली नाही. अंगणात त्यानं एक बोंड नखानं फोडून माझ्यापुढं धरलं. चारांपैकी एका पाकळीत तेवढा पांढरा कापूस होता. बाकीचा पिवळट, चिकटून गोळा झालेला, ज्याला आपण कवडी म्हणतो. सरकी पोखरलेली आणि तिच्यात गुलाबी अळी अंग आखडून बसलेली, नखावर मावेल एवढी. माझा भाऊ एकच वाक्य बोलला, "बीटी म्हणून पैसे दिले आणि ही बीटीच खाऊन माजली."

ती कशी माजली हे मला तुम्हाला सांगायचं आहे, कारण उत्क्रांतीचा सगळा जीव त्या बोंडात आहे.

बीटी बियाणं आपल्याकडं २००२ साली आलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं होतं. त्यातून झाडात एक विष तयार होतं, ते अळीच्या आतड्याला जाऊन चिकटतं आणि अळी मरते. २००६ मध्ये दोन विषांचं बियाणं आलं. सुरुवातीची वर्षं बरी गेली, फवाऱ्याचं काम किती हलकं झालं होतं ते तुम्हीही पाहिलंत. पण असंख्य अळ्यांमध्ये एखादी अशी असते की तिच्या आतड्याची घडण जन्मतःच जराशी वेगळी असते आणि विषाला तिथं धरायला जागा मिळत नाही. साध्या कपाशीत या वेगळेपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. शिवारच्या शिवार बीटीचं झालं तेव्हा बाकीच्या मेल्या आणि ती उरली. तिचेच पतंग झाले, तिचीच अंडी पडली. फरदड ठेवून, म्हणजे वेचणी झाल्यावरही कपाशी उभी ठेवून, आपण तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत खायलाही घातलं. २०१० च्या सुमारास गुजरातेत ही गोष्ट उघड झाली आणि २०१७ ला आपल्या दारात आली. वेगळेपण जन्मतः येतं, परिस्थिती त्यातून निवड करते, निवडलेलं पुढच्या पिढीत उतरतं. डार्विननं १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची, नॉन बीटीची. ती शेताच्या कडेनं लावायची होती. त्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांचे पतंग या हट्टी पतंगांशी जुगले असते आणि पुढची बहुतेक पिल्लं पुन्हा विषाला बळी पडणारी निघाली असती. आपण काय केलं? कोणी पुडी बांधावर टाकली, कोणी न उगवलेल्या जागी नांग्या भरायला वापरली, कोणी म्हणालं एवढी जागा अळीसाठी का सोडायची. माझ्या भावानंही लावली नाही. ती पुडी उत्क्रांतीचा हिशेब मांडून पाकिटात घातलेली होती, आणि हिशेब मोडल्यावर जे होईल असं सांगितलं होतं तेच झालं. देवाच्या शिवारात तपासून पाहता येतं ते सैतानाचं खोटं आहे असं मी लेकरांना कोणत्या तोंडानं सांगू?

तुमच्यातले काही म्हणतील, बोंडअळीची जात बोंडअळीचीच राहिली, तिच्यातून काही चिमणी-कावळा निघाला नाही. खरं आहे. पंधरा वर्षांत एवढंच होतं. त्याहून मोठ्या बदलाला वेळ लागतो, आणि वेळ किती गेला आहे हे आपल्या पायाखाली लिहिलेलं आहे.

१९७२ च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोल करायला घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुरुंग लावून काळा पाषाण फोडत फोडत माणसं खाली गेली आणि एक दिवस वर आलेल्या टोपल्यांत लाल माती निघाली. विटेसारखी लाल, भाजल्यासारखी. त्या थराखाली पुन्हा काळा पाषाण. काठावरचे सगळे एकच विचारत होते, खडकाच्या खाली माती कशी आली? कोणालाच सांगता येईना. मला त्याचं उत्तर कॉलेजात गेल्यावर मिळालं. आपलं सगळं दख्खन लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचं बनलेलं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो रस जमिनीच्या भेगांतून वाहिला. एक थर निवाला, ऊन-पावसानं झिजला, त्याच्या वरच्या अंगाची माती झाली आणि मग पुढचा रस त्यावर येऊन पसरला, त्यानं ती माती भाजली. आपली काळी जमीन त्याच खडकाची झीज आहे. वेरूळचं कैलास लेणं त्याच खडकात कोरलेलं आहे. वंशावळ्या जोडून जग इ. स. पूर्व ४००४ मध्ये निर्माण झालं असा हिशेब आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात केला. ते विद्वान आणि भक्तिमान गृहस्थ होते. पण माझ्या वडिलांच्या विहिरीतला एकेक लाल थर तयार व्हायलाच हजारो वर्षं लागतात.

या खडकांबद्दल आपल्या लोकांनी आपलाच एक माणूस विसरायला नको होता. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपूरला आले. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेही याच फ्री चर्चच्या मिशनमधून. हिस्लॉप गावोगाव उपदेश करत हिंडायचे, शाळा चालवायचे आणि वाटेत दगड गोळा करायचे. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळातून त्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख काढले, बिया काढल्या, कीटकांचे अवशेष काढले आणि लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. एका खनिजाला त्यांचं नाव आहे, नागपूरच्या कॉलेजला आहे. आपल्या शब्बाथशाळेत त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. ज्यांनी आपल्या पणज्यांना शुभवर्तमान सांगितलं त्या मिशनमध्ये दगड वाचणं हा अविश्वास समजला जात नव्हता, एवढं तरी पोरांना कळू द्या.

आणि हे काही एकटे नव्हते. एसा ग्रे हे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ श्रद्धावान ख्रिस्ती होते. ग्रंथ छापण्याच्या दोन वर्षं आधी डार्विननं आपला सिद्धांत ज्यांना पत्रातून कळवला त्यांत ते होते, आणि अमेरिकेत त्याची बाजू त्यांनीच लावून धरली. आनुवंशिकतेचे नियम ज्यांनी वाटाण्यांवर शोधले ते मेंडेल ऑगस्टिनियन मठातले धर्मगुरू. 'उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही' असं १९७३ मध्ये लिहिणारे जनुकशास्त्रज्ञ डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. मानवी जनुकांचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स प्रभूवर उघड विश्वास ठेवणारे. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ एक कल्पना राहिलेली नाही असं वैज्ञानिकांना कळवलं. आपण पोपच्या मंडळीतले नसू, पण भाऊबंद तर आहोत.

आता शास्त्राकडं येते, कारण खरी भीती तिथं आहे.

उत्पत्तीचा पहिला अध्याय मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले. त्यात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिले तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशानं झाली? हा प्रश्न विज्ञानवाल्यांनी उकरून काढलेला नाही. संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी त्यावर अडले होते आणि हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत असं त्यांनी लिहून ठेवलं. देवानं सृष्टीत जणू बीजं पेरून ठेवली आणि ती आपापल्या वेळी उगवत गेली, असंही त्यांनी म्हटलं. त्याच ग्रंथात एक ताकीद आहे, ती आज आपल्याला जशीच्या तशी लागू पडते: आकाश, पृथ्वी, प्राणी यांच्याविषयी बाहेरच्या माणसाला अनुभवानं पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीत ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावानं चुकीचं बोलू लागला, तर तो बाहेरचा माणूस पुनरुत्थानाविषयीचं आपलं बोलणं तरी का खरं मानेल? माझा भाचा उठून गेला तो याच कारणानं.

हिब्रूत दिवसाला 'योम' म्हणतात. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात हाच शब्द सगळ्या निर्मितीच्या काळाला मिळून वापरलेला आहे. आपणही 'दुष्काळाचे दिवस' म्हणतो तेव्हा चोवीस तास मोजत नाही. पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली आणि १९२२ मध्ये गेल्या. शब्द मुळात काय म्हणतो हे पाहायला त्यांनी एवढे कष्ट उपसले. त्यांच्या वारसांनी निदान थांबून वाचावं. पहिल्या अध्यायात देव झाडं आणि जनावरं एकेक करून हातानं मांडत नाही. तो भूमीला आज्ञा करतो की तू उपजव, आणि भूमी उपजवते. जी भूमी आज्ञा ऐकून कोट्यवधी वर्षं उपजवत राहिली, तिच्या देवाचा महिमा मला लहान वाटत नाही.

आईच्या उदरात तू मला घडवलंस, असं १३९ वं स्तोत्र म्हणतं. प्रत्येक बाळाच्या अर्पणविधीत आपण ते वाचतो. त्याच बाळाच्या आईची सोनोग्राफी झालेली असते, तिनं लोहाच्या गोळ्या घेतलेल्या असतात, आणि दहावीच्या पुस्तकात युग्मनजापासून गर्भ कसा वाढतो ते छापलेलं असतं. ते पुस्तक स्तोत्राच्या विरोधात आहे असं आजवर एकाही पाळकसाहेबांनी म्हटलेलं मी ऐकलं नाही. नऊ महिन्यांत पेशी-पेशीनं घडवणारा देव आपल्याला चालतो. मग पिढ्या-पिढ्यांनी घडवणारा का चालू नये?

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, सगळं झोपेतच अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या मंडळीतून ज्वारी आणि कपडे घेऊन गेलेल्या ट्रकमध्ये मी होते. त्या दिवसांत 'देवाचा कोप झाला' असं सगळ्याच धर्मांची माणसं बोलत होती, आपलीही बोलत होती. पुढच्या रविवारी आमचे म्हातारे पाळक वेदीवर आले आणि त्यांनी लूकचा तेरावा अध्याय उघडला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? प्रभू म्हणतो, नाही. तेवढं वाचून ते म्हणाले, भूमी का हलली ते भूमीचा अभ्यास करणाऱ्यांना विचारा. देव कुठं होता ते विचारायचं असेल तर सास्तूरला जाऊन दगड उचला. ते आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी आपल्याला शिकवलं की निसर्गातलं कारण सापडलं म्हणून देव बेघर होत नाही. भूकंपाच्या बाबतीत आपण हे मानलं. सजीवांच्या बाबतीत तोच विचार करायला आपण घाबरतो.

घाबरण्याचं एक कारण मला माझ्या आजीमुळं कळतं, आणि त्याची चेष्टा मी कोणाला करू देणार नाही. आजीचं घर गावकुसाबाहेर होतं. आडावर कुत्रं जाऊ शकत होतं, तिला जाता येत नव्हतं. मिशनच्या शाळेत एका बाईंनी तिला शिकवलं की देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, आणि त्या माणसात तू आहेस. त्या एका वचनावर तिचा कणा ताठ झाला. म्हातारपणी मी तिला एकदा धडा वाचून दाखवत होते, त्यात माणसाच्या आणि वानरांच्या समान पूर्वजाची गोष्ट आली. ती म्हणाली, "आम्हाला जनावराच्या खाली ठेवलं होतं, तिथून वर आलो. आता तुझं पुस्तक पुन्हा जनावरात नेऊन बसवतंय का?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज असतं. आजी, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला मातीतून घडवतो, आणि एकोणिसाव्या वचनात पशुपक्ष्यांनाही त्याच मातीतून. 'आदाम' हे नावच 'अदामा' म्हणजे भूमी या शब्दाशी जोडलेलं आहे. आपला मान आपण कशापासून बनलो यात कधीच नव्हता. ज्यानं श्वास फुंकला, हाक मारली, आपल्याशी करार केला, त्याच्यामुळं तो मान आहे. आणि तुझ्या शत्रूंना जे ऐकवायचं होतं तेच हे पुस्तक सांगतं. कोणत्याही दोन माणसांची जनुकं घेतली तर ती ९९.९ टक्के सारखी निघतात. कोणी मुखातून आणि कोणी पायातून जन्मलेलं नाही, सगळे आफ्रिकेतून निघालेल्या एका कुळातले. पौलानं अथेन्सात सांगितलं होतं की देवानं एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली. तुला आडावरून हाकलणाऱ्याचं आणि तुझं रक्त एक आहे, हे विज्ञानाच्या कागदावर लिहिलेलं आहे. काही लोकांनी डार्विनचं नाव घेऊन माणसांमाणसांत उच्चनीच ठरवलं हेही खरं. तसं तर काहींनी पवित्र शास्त्र हातात घेऊन गुलाम विकले.

पशूंशी असलेलं आपलं नातं मला शिक्षिका म्हणून नाकारता येत नाही. शेळीला, गाईला, कुत्र्याला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, ती ते आपल्या शरीरात तयार करतात. आपल्याला आवळा, पेरू, लिंबू खावं लागतं. ते तयार करायचं जनुक आपल्यातही आहे, पण मोडलेलं. माकडांमध्ये आणि चिंपांझीमध्येही ते मोडलेलंच आहे आणि ज्या जागी मोडलंय त्यातल्या कितीतरी जागा सारख्या आहेत. ३१ वर्षं पेपर तपासले मी. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर काही म्हणता येत नाही. पण एकाच ओळीत, एकाच शब्दात, तीच काना-मात्रेची चूक दोघांची असेल, तर दोघांनी एकाच वहीवरून उतरवलेलं असतं.

राहिला मरणाचा प्रश्न, आणि तो मला सोपा वाटत नाही. एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं आणि पापाच्या द्वारे मरण, असं रोमकरांस पत्रात आहे. मग आदामाच्या आधी कोट्यवधी वर्षं जीव मरत होते हे कसं मानायचं? मी एवढंच पाहते की 'ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील' असं सांगितलेला आदाम शास्त्राप्रमाणंच ९३० वर्षं जगला. म्हणजे तिथलं मरण निव्वळ श्वास थांबण्याचं नाही, ते देवापासून तुटण्याचं आहे. १०४ वं स्तोत्र सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करून देवाकडं अन्न मागतात असं गातं, आणि त्याला शाप म्हणत नाही.

तरी दुःख उरतंच. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, आणि पुढं त्यानं एसा ग्रेंना कळवलं की जिवंत अळीच्या अंगात आपली पिल्लं वाढवणारी गांधीलमाशी दयाळू देवानं मुद्दाम निर्माण केली असेल असं त्याच्या मनाला पटत नाही. त्याच्या या वाक्यापाशी मी अनेकदा थांबले आहे. तिच्याच जातकुळीतल्या चिमुकल्या माश्यांची, ट्रायकोग्रामाची, कार्डं आपण आणतो आणि कपाशीच्या पानाखाली टाचतो, म्हणजे त्यांतून निघालेल्या माश्या बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतील आणि आपलं पीक वाचेल. माझ्या भावाला त्या माशीत दया दिसते, डार्विनला दिसली नाही, आणि अळीच्या बाजूनं कोणी विचारलेलं नाही. पौल म्हणतो की सगळी सृष्टी एकत्र कण्हत आहे, वेणा देत आहे. कण्हणं खरं आहे आणि ते बाळंतपणाचं कण्हणं आहे, यापलीकडं मला पाऊल टाकता येत नाही. पण वधस्तंभावर जाऊन त्या कण्हण्यात सामील झालेला देव आपला आहे, आणि गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हे त्याचेच शब्द आहेत. उत्क्रांती ऐकून माझा विश्वास डळमळला नाही तो यामुळं.

तुम्ही माझं सगळं मानावं असा माझा हट्ट नाही. सहा दिवस अक्षरशः मानणारी माझी सख्खी बहीण आहे आणि आम्ही एकाच बाकावर बसून गातो. माझी विनंती एवढीच आहे की उत्क्रांती मानणं किंवा न मानणं ही तारणाची अट म्हणून लेकरांपुढं ठेवू नका. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर रविवारी 'आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता' म्हणतो. किती दिवसांत ते त्यात नाही, आणि ज्यांनी ते शब्द ठरवले त्यांना ते घालता आलं असतं. शिबिराला वक्ता बोलवाल तेव्हा तो या विषयावर काय बोलणार ते आधी विचारून घ्या. आपल्या मंडळ्यांतच विज्ञानाचे शिक्षक, नर्सबाई, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली पोरं आहेत. त्यांना शब्बाथशाळेत फक्त सतरंजी उचलायला ठेवू नका, बोलू द्या.

येत्या दिवाळीच्या शिबिराची पत्रिका अजून छापायची आहे असं मला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा एक तास मोकळा ठेवाल का? पोरांना घेऊन मी भावाच्या शेतात जाईन, तोवर वेचणी सुरू झालेली असेल. बोंडं फोडून पाहू, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजू, विहिरीतला लाल थर काठावरून दाखवीन आणि तिथंच बांधावर बसून १०४ वं स्तोत्र वाचू. ती कोऱ्या पानाची मुलगी आता अकरावीला आहे. सापळे मोजायला तिला बरोबर घेणार आहे. तिला मी अजून विचारलेलं नाही, आधी तुमचा होकार यावा.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण,
जालना जिल्ह्यातली एक निवृत्त विज्ञानशिक्षिका